चाळीस पूर्णांक एक

रुअरी आणि ऊनाची गाठ पडली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मोडलेल्या पायामुळे. कॅम्पबेलटाउनच्या गोदामांतल्या पिंपांतली व्हिस्की मोजणारा म्हातारा घसरून पडला आणि ग्लासगोहून त्याच्या जागी रुअरीला धाडण्यात आलं. बंदराजवळच्या गोदामाचं दार ऊनानं उघडलं, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मोजता येते की नुसती पिता येते?"

गडी तिथंच गारद झाला.

आत एकच पिंप होतं. ऊनाच्या आजोबांची डिस्टिलरी बंद पडून चाळीस वर्षं लोटली होती. तिथली एवढीच व्हिस्की आता जगात उरली होती. पण पिंपातली व्हिस्की गप्प बसत नाही, दर वर्षी तिच्यातल्या अल्कोहोलचा जोर उतरत जातो. तो चाळीस टक्क्यांखाली गेला, की कायद्यानं तिला व्हिस्की म्हणायची सोय नाही. मग बाटलीवर आजोबांचं नाव तरी कसं लागणार?

गेल्या वसंतात जोर साडेचाळीसवर आला होता. बाटल्या तेव्हाच भरायला हव्या होत्या. वर्षातून एकदा मोजणीला येणाऱ्या रुअरीला हे पक्कं ठाऊक होतं, तरी तो म्हणाला, अजून एक वर्ष सहज निघेल... आणि पुढचे बारा महिने त्यानं जीव मुठीत धरून काढले.

आज बाहेर भुरभुर लागली होती. ऊना कंदील घेऊन इतकी जवळ उभी होती, की तिच्या ओल्या लोकरी स्वेटरचा वास त्याला येत होता. त्यानं जोर मोजायची काचेची कांडी व्हिस्कीत सोडली.

चाळीस पूर्णांक एक दशांश.

"वाचलो," तो पुटपुटला. मग मात्र त्याला राहवलं नाही. "ऊना, मी गेल्या वर्षी खोटं बोललो. बाटल्या भरल्या असत्या, तर मला इथं यायला निमित्तच उरलं नसतं. तुझ्या आजोबांचं नाव मी पणाला लावलं... हाकलून दे मला."

ऊनानं कंदील पिंपावर ठेवला.

"आजोबांची कांडी माझ्या फडताळात आहे," ती सावकाश म्हणाली. "दर महिन्याला मोजते मी."

"म्हणजे... तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

ऊनाचे कान लाल झाले. "बोलले असते, तर यंदा तू आला असतास?"