लाकडी बैलामागचा खरा बैल

"बाई, मले चोर ठरवलं जी."

नानाजी गभणे आधी एवढं बोलले आणि मग खुर्चीवर बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शर्टाला कडक इस्त्री आणि पाठ ताठ. खापरखेड्याच्या वीज केंद्रात अख्खी नोकरी झालेली, निवृत्त होऊनही तिथेच घर केलेलं.

चोरी म्हटलं की जितेंद्र धोटेच्या अंगात येत असे. त्याने खुर्ची पुढे ओढली. "काय चोरलं म्हणतात?"

"किस्सा," नानाजी म्हणाले.

जितेंद्रची खुर्ची आपोआप मागे गेली. धंतोलीतल्या या कार्यालयाच्या पाटीवर त्याच्या वहिनीचं, सुहासिनी धोटेचं नाव होतं. खासगी तपासात तिने नागपुरात नाव कमावलं होतं. विम्याची नोकरी सोडून जितेंद्र तिच्या हाताखाली आला, तो खून आणि दरोड्यांच्या आशेने. आता किस्से शोधायचे होते! पण वहिनीने चहाचा कप खाली ठेवला होता, आणि तिने कप ठेवला की प्रकरण घेतलं, एवढं त्यालाही कळत होतं.

"नीट सांगा, नानाजी," ती म्हणाली.

नानाजींनी सांगितलं. त्यांच्या मोबाईलवर एक ग्रुप होता, नाव 'पाहिलं ते सांगतो'. माणसं नागपूरची, कामठीची, काही पार पुण्यामुंबईला गेलेली. बहुतेकांची गाठ वर्षातून एकदाच, मेळाव्यात पडायची. रोज कुणी तरी आपल्या गावची विचित्र बातमी टाकायचं, कुणी घरातली, बाजारातली गंमत सांगायचं. नियम एकच. जे सांगायचं ते स्वतः पाहिलेलं असावं. इकडून आलं, तिकडे ढकललं, हे चालायचं नाही.

"बायको गेली तेव्हापासून घरात बोलायले कोणी नाही," नानाजी म्हणाले. "सकाळी उठतो, फिरायले जातो, जे दिसते ते ग्रुपातल्यायले सांगतो. लोक वाट पाहतात जी माही. यंदा वर्षाच्या मेळाव्यात किश्शांचा मान म्हणून मले फेटा बांधणार होते. फेटा गेला तर जाऊ द्या. पण माहा शब्द खोटा म्हणून राहिले."

"कोणता किस्सा?"

"तान्ह्या पोळ्याचा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर मिरवतात. त्या दुपारी नानाजी शेताकडच्या रस्त्याने चालले होते. पुढे एक अनोळखी चिमुरडी दोरीने लाकडी बैल ओढत होती आणि त्या लाकडी बैलामागे एक जिता-जागता पांढरा बैल मान खाली घालून मुकाट चालला होता. ती थांबली की तो थांबे, ती निघाली की तो निघे. नानाजींनी मागून फोटो काढला आणि तिथूनच ग्रुपवर किस्सा टाकला. लोक वेडे झाले.

महिनाभराने ग्रुपवर एक चित्र आलं. कुठल्याशा 'गमतीजमती' नावाच्या पानावरची जुनी पोस्ट, तिचा काढलेला स्क्रीनशॉट. तोच बैल, तीच पोरगी, आणि खाली मजकूर : 'आज तान्हा पोळा. आमच्या गावात खरा बैल लाकडी बैलाच्या मागे लागला!' वर तारीख होती तेवीस ऑगस्ट. साल मात्र सहा वर्षांपूर्वीचं.

"म्हणजे तुम्ही जुना फोटो आपला म्हणून खपवला, असं झालं," सुहासिनी म्हणाली. "तुमच्या फोनमधला मूळ फोटो?"

"पुसला. ग्रुपवर टाकलं का मी पुसून टाकतो, नाही तर मोबाईल भरते. सगळ्यायले माहीत आहे, चिडवतात मले त्याच्यावरून."

"रस्त्यावर आणखी कोणी?"

"चिटपाखरू नव्हतं. सारे शहरात मारबतीच्या पुतळ्यायची मिरवणूक पाहायले गेलते."

सुहासिनीने त्यांच्या फोनवर किस्सा पुन्हा वाचला. त्याच्यावरही तारीख होती, यंदाची तेवीस ऑगस्ट. "रविवारी मेळावा आहे ना? या तुम्ही. फेट्याच्या मापाचं डोकं घेऊन या."

नानाजी हसले नाहीत. "फेटा नोको बाई. फक्त मी खोटा नाही, हे त्यायच्या तोंडून ऐकू द्या."

ते गेल्यावर जितेंद्रने तो स्क्रीनशॉट संगणकावर घेऊन तासभर चिवडला. अक्षरं पाहिली, रंग पाहिले, कडा पाहिल्या. मग छाती पुढे काढून निकाल दिला. "वहिनी, चित्रात कुठेच खाडाखोड नाही. पान आता सापडत नाही, पण ते लोक बंदही करतात. मला वाटते म्हाताऱ्यानंच हात मारला."

"तुम्ही चित्र फार बारकाईनं पाहिलं, भाऊजी," सुहासिनी म्हणाली. "आता जरा वाचा."

जितेंद्रने वाचलं. त्यात वाचण्यासारखं होतं तरी काय? दोन ओळी. त्याने खांदे उडवले.

ग्रुप सुरू करणारा अश्विन मूळचा महालातला, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. व्हिडिओ कॉलवर तो कावराबावरा दिसला.

"मला ते एका अनोळखी नंबरवरून आलं. आता तो नंबर बंद आहे. दोन दिवस मी टाकलंच नाही. पण नियम मीच केलेला, ताई. नानाजींना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, असं कसं करू?"

"आलं तसंच टाकलं?"

"नाही. खाली एका प्रतिक्रियेत घाणेरडी शिवी होती. ग्रुपवर बायाबापड्या आहेत, म्हणून तेवढं कापलं. मूळचं माझ्याकडे आहे, पाठवतो."

"शिवीबद्दल कुणाशी बोललात?"

"छे हो! सांगायची गोष्ट आहे का ती?"

कॉल संपताच जितेंद्रने मांडीवर थाप मारली. "हाच! संगणकाचा माणूस. आपणच बनवायचं, आपणच जाहीर करायचं."

"असेल," सुहासिनी म्हणाली. तिचं 'असेल' म्हणजे 'नसेल', हे जितेंद्रला अजून उमगलं नव्हतं.

कामठीची सरिता शाळेत शिक्षिका होती. ग्रुपवर नानाजींना सगळ्यात लागट बोलली होती तीच. 'वयाची तरी लाज ठेवायची,' असं तिने लिहिलं होतं.

"लिहिलं मी, आणि मग दिवसभर जेवण गेलं नाही," ती म्हणाली. "त्यांचे किस्से मी वर्गात सांगते. पोरांना म्हणते, बघा, डोळे उघडे ठेवून चाललं की असं दिसते. म्हणून जास्त लागलं."

"सहा वर्षांपूर्वी ती पोस्ट तुमच्या पाहण्यात आली होती?"

"त्या तारखेले? बाप्पा!" सरिता पहिल्यांदा हसली. "त्या दिवशी मी दवाखान्यात होती. आमचा माधव झाला. वॉर्डातल्या बाया पाळणा म्हणून राहिल्या होत्या, सुंठवडा वाटून राहिल्या होत्या. नाव शोधावंच नाही लागलं."

"वाढदिवस केव्हा करता त्याचा?"

"मी तारखेनं करते, सासूबाई तिथीनं. यंदा दोन्हीच्या मधात आठवडा गेला. पोराची चंगळ, दोनदा केक!"

सुहासिनीने मनापासून चौकशी केली, पेढा घेतला आणि निघाली. जितेंद्रला स्कूटरवर बसेपर्यंत धीर नव्हता. खुनाच्या तपासात कुणी पोराच्या वाढदिवसाची चौकशी करतं का? मग त्याला आठवलं की खून झालेलाच नाही.

गांधीबागेत पियुषचं कापडाचं दुकान होतं. दिलखुलास माणूस. नानाजी ग्रुपवर यायच्या आधी फेट्याचा मान लागोपाठ त्याचाच. त्याच्या किश्शांत म्हैस मोबाईल गिळायची आणि तिच्या पोटात घंटी वाजायची. त्याने आल्या आल्या चहा सांगितला.

"नानाजी माह्या वडलांसारखे. मी एक शब्द बोललो नाही ग्रुपवर. पण आता तुम्ही विचारून राहिल्या म्हणून सांगतो." त्याने आवाज खाली आणला. "ते जुनं पान मी तेव्हाच पाहिलं होतं."

जितेंद्र ताठ झाला. "तेव्हाच म्हणजे?"

"ज्या दिवशी टाकलं त्याच दिवशी. काळी-पिवळी मारबत आमच्या दुकानासमोरूनच जाते. गर्दी इतकी का शटर पाडलं, गच्चीवर बसलो, खाली मिरवणूक चालू आणि मी मोबाईल चाळून राहिलो. तर हा बैल! खाली एका येड्यानं शिवी हासडली होती, तेही आठवते."

"हे अश्विनला सांगितलं?"

"काहून सांगू? म्हाताऱ्या माणसाचा अपमान मले करायचा नव्हता." पियुष हळहळला.

बाहेर पडल्यावर जितेंद्रने मान हलवली. "बिचारा. साक्षीदार असून गप्प राहिला. वहिनी, आता तर नानाजींचं काही खरं नाही."

"भाऊजी, घरी गेलात की भिंतीवरचं कॅलेंडर बघा."

"का?"

"पोळा यंदा कधी होता ते बघा. मग मागल्या वर्षी कधी होता ते जाऊबाईंना विचारा."

जितेंद्रने घरी जाऊन बायकोला विचारलं. मागल्या वर्षी पोळा सप्टेंबरात होता. बरं, मग? तो विचार करता करता जेवला आणि विचार तिथेच राहिला.

रविवारी सकाळी धंतोलीतल्या एका छोट्या सभागृहात 'पाहिलं ते सांगतो'ची माणसं जमली. रोज बोलणारी माणसं वर्षाने भेटत होती, तरी मिठ्या मोकळ्या नव्हत्या. नानाजी मागच्या खुर्चीवर एकटे बसले होते, आणि त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जितेंद्रला ते पाहवेना. तो जाऊन त्यांच्या शेजारी बसला.

अश्विनने तो स्क्रीनशॉट पडद्यावर लावला. सुहासिनी पुढे आली.

"सरिताताई, तुमचा माधव कोणत्या दिवशी झाला?"

"याच तारखेले. याच साली." सरिताने पडद्याकडे बोट केलं.

"आणि तिथी?"

"गोकुळाष्टमी. म्हणून तर माधव..." सरिता मध्येच थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"अष्टमी," सुहासिनी म्हणाली. "पोळा अमावास्येला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. अष्टमीला अमावास्या कशी होईल? त्या साली तेवीस ऑगस्टला दवाखान्यात सुंठवडा वाटत होते. पोळ्याला अजून आठवडा होता, बैलांना झूल चढायची होती. आणि हे पान म्हणते, आज तान्हा पोळा!"

सभागृहात कुजबुज उठली. जितेंद्रच्या डोक्यात कॅलेंडर आता कुठे उलगडलं, आणि त्याला स्वतःचीच कीव आली.

"हे पान कधी नव्हतंच," सुहासिनी पुढे म्हणाली. "नानाजींच्या किश्शावर यंदाची तारीख होती. बनवणाऱ्यानं तारीख तशीच ठेवली आणि साल तेवढं मागे नेलं. आपल्याला मोबाईलच्या तारखांची सवय झालीय. पण पोळा मोबाईल बघून येत नाही. तो चंद्र बघून येतो."

"पण बनवलं कोणी?" अश्विनने विचारलं.

"तुम्ही टाकलेलं चित्र कापलेलं होतं. खालची शिवी तुमच्याशिवाय दोघांनाच माहीत असू शकते. ज्यानं मूळ पान पाहिलं त्याला, किंवा ज्यानं ते बनवलं त्याला. मूळ पान तर नव्हतंच. मग मला स्वतः होऊन त्या शिवीबद्दल सांगणारा कोण?" ती थांबली. "आणि तोच माणूस म्हणाला की त्या दिवशी गच्चीवरून त्याने मारबत पाहिली. मारबत निघते तान्ह्या पोळ्याला. गोकुळाष्टमीला गांधीबागेत कोणती मारबत निघाली, पियुषभाऊ?"

पियुषने उठून हसायचा प्रयत्न केला. कुणीच हसलं नाही, तेव्हा तो खाली बसला.

"गोष्ट पक्की करायले गेलो आणि फसलो," तो शेवटी म्हणाला. "माह्या किश्शांवर तुम्ही सारे हसायचे. त्यायच्या किश्शांवर विश्वास ठेवायचे. मले तेच पाहिजे होतं. फेटा नाही."

सरिता उठून मागे गेली आणि नानाजींच्या पाया पडली. अश्विन हात जोडून आला. "नानाजी, चुकलो. तुम्ही खरे. पुन्हा असं होणार नाही. यापुढे प्रत्येक किश्शाबरोबर मूळ फोटो नि एक साक्षीदार, हा नियम करतो."

नानाजी उभे राहिले. त्यांची मान इतकी उंच जितेंद्रने आधी पाहिली नव्हती.

"असा नियम करशील तर मी ग्रुपात येत नाही, बाबू," ते म्हणाले. "साक्षीदार घेऊन कोणी फिरायले जाते का? मी एकटा माणूस. मी एकट्यानं पाहतो आणि तुमाले सांगतो. माह्या शब्दावर भागत असेल तर येतो. नाही तर राम राम."

अश्विनने एकवार साऱ्यांकडे पाहिलं. "भागते, नानाजी," तो म्हणाला. त्याच्या मागून सरिता म्हणाली, आणि मग सगळेच म्हणाले.

"पियुषलेही काढू नका. त्याले खरं पाहायची सवय लावू," नानाजी म्हणाले, आणि बोलता बोलता पुढे आले. "बरं, ऐका. आज सकाळी बसमधी एका बाईच्या टोपलीतून कोंबडा सुटला आणि सरळ कंडक्टरच्या खुर्चीवर जाऊन बसला..."

मागच्या खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकली. फोटो कुणीच मागितला नाही.