अकराव्या वाटेचं अंतर

आमच्या सहल मंडळाच्या अध्यक्षांना ‘डोंगर आणि वाळवंटातल्या रमणीय पायवाटा’ अशी पुस्तिका काढायची होती. पालघर तालुक्यात वाळवंट नाही, हे मी त्यांना नकाशा पुढ्यात ठेवून सांगितलं. ते म्हणाले, शिरगावला वाळू आहे ना, मग झालं. त्यामुळे पुस्तिकेत शिरगावच्या किल्ल्याखालचा किनारा हे वाळवंट आहे. उरलेल्या दहा वाटा डोंगरातल्या. अकरापैकी दहा वाटांपुढे अंतर लिहिलेलं आहे. अकरावी वाट बेटेगाव ते आसावा किल्ला. तिच्यापुढे जागा कोरी आहे.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो आणि मासिकांत विनोदी लिहितो. दोन्हीकडे लोक माझं म्हणणं मनावर घेत नाहीत. म्हणून मोजमाप माझी बायको शालू करायची. पावलं मोजायची, शंभर झाली की ओच्यात एक खडा टाकायची. संध्याकाळी तिचा ओचा जड झालेला असे.

चौसष्ट सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आसाव्याला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी राहणारा जिवल्या वाट दाखवायला आला. शालूचे खडे पाहून तो हसला.

“खडं कशाला, बाय? डहाली मोडायची, हातात धरून चालायचं. सुकली का कोस झाला. मग टाकून द्यायची.”

“आणि मी लवकर टाकली तर?”

“सुकली नाय तं टाकायची नाय. आनि ज्यानं मोडली त्यानंच टाकायची. दुसऱ्याचा कोस आपून कसा संपवायचा?”

शालूला हे भारी आवडलं. तिने कुड्याची डहाळी मोडली. टोकाला पांढरा चीक आला. पिशवीतला निळा दोरा काढून तिने डहाळीला गाठ मारली, म्हणजे खूण. पानं मोजली, जोडीजोडीने आठ. त्यातलं एक मी खुडून तिच्या अंबाड्यात खोचलं.

“माप चुकवाल,” ती म्हणाली.

राहिली सात.

अर्ध्या वाटेवर तिच्या उजव्या कॅनव्हास बुटाचा तळवा सुटला. पाऊल टाकलं की फट् असा आवाज यायचा. मी त्यावर तीन विनोद केले. एका ऐनाच्या झाडाखाली सपाट दगड होता. तिथे ती थांबली.

“बसूया का जरा? दम लागलाय.”

“डहाळी सुकू दे, मग बस,” मी म्हणालो.

हा चौथा विनोद. ती हसली आणि चालू लागली. वर पाण्याच्या टाक्यापाशी ती खाली कोसळली. जिवल्याने माणसं गोळा केली. झोळीत घालून तिला खाली आणलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मूठ अजून मिटलेली होती. जिवल्याने डहाळी हळूच सोडवली आणि आपल्या घराच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली. मला तेव्हा कसलीच शुद्ध नव्हती.

बावीस वर्षांच्या संसारात शालूने माझं शब्दशः ऐकलं ते एवढं एकदाच.

यंदा, दोन वर्षांनी, मी परत गेलो. अध्यक्षांना सांगितलं, अंतर मोजायला जातो. खरं म्हणजे मला त्या दगडापाशी जाऊन एक वाक्य परत घ्यायचं होतं.

जिवल्याची बायको बुधी अंगणात नाचणी पाखडत होती. मला पाहून ती उठली आणि तिने जिवल्याला हाक मारली. कुडाच्या भिंतीत डहाळी होती. निळ्या दोऱ्याची गाठ विटून राखाडी झाली होती.

पानं हिरवी होती. सात. मी दोनदा मोजली.

“नवी लावलीस?” मी जिवल्याला विचारलं.

“आमी कशाला हात लावू? तिची हाय.”

“मग सुकली कशी नाही?”

जिवल्याने जमिनीकडे पाहिलं. “बाय अजून चालते हाय, मास्तर.”

मी डहाळी उपसली. मोडलेल्या टोकाला बोट लावलं. बोट चिकट झालं.

याला काहीतरी कारण असणार, असं मी स्वतःला बजावलं. तर्कशास्त्र शिकवण्याचा परिणाम. पडताळा म्हणून मी दुसरी कुड्याची डहाळी मोडली आणि दोन्ही हातांत दोन धरून जिवल्याबरोबर निघालो. सकाळचे दहा वाजले होते. गवत पिवळं पडलं होतं, ऊन चटका देत होतं. पश्चिमेला तारापूरच्या बाजूला बांधकामाची धूळ उठत होती, तिच्यापलीकडे समुद्र. ऐनाच्या झाडापर्यंत पोचेतो माझी डहाळी मान टाकून बसली. शालूची तशीच ताठ.

तेव्हा मला जाणवलं, की मागे आवाज येतो आहे.

फट्. मग एक मुकं पाऊल. मग फट्.

जिवल्या असेल, असं वाटलं. पण जिवल्या माझ्या पुढे चालत होता. आणि तो अनवाणी होता.

“जिवल्या, ऐकतोस?”

“ऐकतो ना.” त्याने मागे वळून पाहिलं नाही. “रोज नाय येत. तुमी आलाव म्हून.”

मी दगडावर बसलो. बाजूला एका माणसापुरती जागा सोडली. वाळकं पान पडलं होतं, ते झटकलं.

“शालू,” मी म्हणालो. “बस. सुकली नसली तरी बस.”

आवाज जवळ आला.

“मी गंमत करत होतो गं.”

फट्.

वर्गात शंभर मुलांपुढे मला कधी शब्द कमी पडले नाहीत. इथे एकच उरला होता. तो मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

“बस ना.”

आवाज माझ्यासमोर आला. किंचित दम लागलेला श्वास ऐकू आला.

मग तो पुढे गेला. टाक्याच्या दिशेने. चढावर सावकाश, न थांबता.

ऐकू येईनासा झाला तरी मी बसून राहिलो. जिवल्या उभाच होता.

“चला, मास्तर,” तो शेवटी म्हणाला. “ती नाय बसायची.”

माझी सुकलेली डहाळी मी तिथेच टाकली. कोस झाला होता. शालूची घेऊन खाली आलो. पुस्तिकेतली जागा कोरी ठेवायची, हे उतरतानाच ठरवलं होतं.

बुधीने डहाळी माझ्या हातातून घेतली. कुडात खोचण्याआधी तिने बोटाने पानं चाचपली.

“आठ हायेत,” ती म्हणाली.

मी खुडलं होतं त्याच जागी, जोडीतलं दुसरं. कोवळं, अजून पुरतं न उलगडलेलं.