समुद्राकडे गेलेली पावलं

पावलं पहिल्यांदा मिस ऑर्डेलाला दिसली, आणि तिच्या हातातली किटली वाळूत पडली.

गार्विनच्या बोटशेडच्या उंबऱ्यापासून ती निघाली होती. लहान, अनवाणी, सरळ रेषेत. कालच्या दुपारच्या पावसाने वाळू दाबून बसवली होती, त्यामुळे पायाचं बोट न् बोट उमटलं होतं. लाटांनी ओल्या होणाऱ्या पट्ट्यापर्यंत ती जात होती आणि तिथे संपत होती. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

रात्रभर झुडपं आणि स्मशान पालथं घालून दमलेली माणसं एकेक करून तिथे जमली.

हान्ना आली. काल संध्याकाळी हरवलेल्या सात वर्षांच्या एलिनची आई, बेटावर आलेली पाहुणी. तिने त्या पावलांकडे पाहिलं आणि कपड्यांनिशी समुद्रात शिरली. पाणी गळ्याशी आलं तरी थांबेना. दोघांनी तिला ओढत बाहेर काढलं.

सार्जंट इल्मा क्वाशीने टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. ही तिची सवय होती. हातांना काहीतरी काम लागायचं. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिअकू बेटाच्या या टोकाला पोलीस म्हणजे ती आणि एक शिपाई. हरवलेल्या शेळ्या आणि दारूच्या भांडणांपलीकडे तिला फारसं काही शोधावं लागलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या संध्याकाळी अख्खं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातं. हे आमचं घरचं काम. पण हल्ली ऑक्टोबर संपता संपता पाहुणे येतात, आणि त्यांना भुतं हवी असतात. म्हणून मिस ऑर्डेलाने आपल्या अतिथिगृहातर्फे 'जंबी फेरी' सुरू केली. जंबी म्हणजे आमच्याकडची भुतं. म्हातारा टाइटस गोष्टी सांगत पाहुण्यांना किनाऱ्याने स्मशानापर्यंत नेतो, आणि वाटेत झुडपातून पांढऱ्या झग्यातली एक बाई लंगडत बाहेर येते. ती ऑर्डेलाची भाची. मोठे किंचाळतात, हसतात, फोटो काढतात. काल त्या किंचाळण्यात एक लहान मुलगी नाहीशी झाली.

इल्मा पावलांपाशी उकिडवी बसली. पुढचा भाग वाळूत खोल रुतला होता, टाच जेमतेम उमटली होती. दोन पावलांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

"धावली बिचारी," मागून गार्विन म्हणाला. पाहुण्यांना बोटीतून फिरवणारा हा उंच, देखणा माणूस. त्याचे डोळे लाल झाले होते. "धावताना टाच टेकत नाही ना."

"तू पाहिलंस?"

"बोटीवर होतो मी. दिवेलागणीला. शेडमधून काहीतरी छोटंसं निघालं आणि धावत पाण्याकडे गेलं. मला वाटलं, ऑर्डेलाच्या भुतांच्या खेळातलंच काहीतरी सोंग असेल. आत्ता ही पावलं बघितली आणि कळलं, ती पोरच होती, सार्जंट."

"रात्रभर शोध चालला होता, तेव्हा नाही बोललास?"

"डोक्यातच नाही आलं! आईशप्पथ." त्याने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "मी बोटी काढतो. निदान पोर तरी आईच्या हाती लागू दे."

इल्माने शेडमध्ये डोकावून पाहिलं. एक दार समुद्राकडे, एक रस्त्याकडे. आत जुनं इंजिन, दोरखंड, खिळ्याला टांगलेला कंदील आणि जमिनीच्या मधोमध ओल्या जाळ्यांचा मोठा ढीग. माशांच्या वासाने तिने नाकाला रुमाल लावला. मुलगी तिथे नव्हती.

टाइटस अतिथिगृहाच्या पायरीवर बसला होता. उभी हयात बोटी बांधण्यात गेलेले त्याचे हात मांडीवर निपचित पडले होते.

"काका, मुलांना नक्की काय काय सांगितलंत?"

"दरवर्षीचंच गं पोरी. ला ज्याब्लेस दिसते सुंदर, पण तिचा एक पाय गाईचा, म्हणून आधी पाय बघा. वाट चुकलात तर कपडे उलटे घाला. रक्त पिणारी दाराशी आली तर तांदूळ उधळा, ती दाणे मोजत बसते. स्मशानातून आलात तर घरात पाठमोरं शिरा, म्हणजे मागं लागलेली जंबी आत येत नाही. ला ज्याब्लेसनं हाक मारली तर ओ देऊ नका. बाकीची पोरं खिदळत होती. ती एकटी मन लावून ऐकत होती."

"एलिन?"

"एकेक गोष्ट दोनदोनदा विचारून घेतली तिनं. 'आणि विसरलं तर काय होतं, आजोबा?' म्हणे." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मी म्हटलं, विसरायचंच नाही."

तेवढ्यात ओल्या कपड्यांनी हान्ना समोर येऊन उभी राहिली. "तुम्ही तिला घाबरवलंत. पैसे घेऊन घाबरवलंत! माझी मुलगी तुमच्या भुतांपासून पळत समुद्रात गेली."

टाइटसने मान वर केली नाही.

"घाबरली तर ती इकडेच येईल ना? तुमच्या खोलीकडे?" इल्माने हळूच विचारलं.

"तिला रस्ता माहीत होता. किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ."

"मग आली का नाही?"

ऑर्डेला दारात रडत उभी होती. "अंधार होता गं इल्मा. फेरीला रंगत यावी म्हणून इथले सगळे दिवे मीच बंद केले होते. माझ्याच हातानं."

"सगळे?"

"आमचे सगळे. त्या शेडमधला गार्विनचा कंदील सोडून कुठे उजेड नव्हता. काय दुर्बुद्धी सुचली मला!"

समुद्रावर बोटी हिंडत होत्या. पुढच्या बोटीत गार्विन उभा राहून हातवारे करत होता. दिवस वर चढला आणि माणसांनी हातपाय गाळले. आता ती मुलीला शोधत नव्हती, प्रेत शोधत होती. पाण्याकडे बघण्याची त्यांची नजरच बदलली होती. इल्माला ते कळलं आणि तिला सगळ्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

हान्नाला पाण्यातून ओढताना भिजलेला गणवेश बदलायला इल्मा घरी निघाली. वाट स्मशानाच्या भिंतीला लागून होती. थडग्यांवर कालच्या मेणाचे डाग थिजून पडले होते. आपल्या अंगणातला चिखल ओलांडून ती घरात शिरली.

टेबलावर पूर्वजांचं ताट मांडलेलं होतं. आमच्या बेटावर घराघरांतून या दिवसांत असं ताट मांडतात: शिजवलेला मका, कोंबडी, थोडी रम. त्याला जिवंत माणसाने हात लावायचा नाही. आज ताटाशेजारी एक छोटी वाटी होती. तिच्यात गोड भात.

"ही कोणाची?"

आईने पदराशी चाळा करावा तसा एप्रनच्या टोकाशी चाळा केला. "त्या पाहुण्यांच्या पोरीची. तिचं इथं आपलं म्हणावं असं कोण आहे? उपाशी फिरू नये बिचारीनं."

"उचल ती वाटी!"

"अगं—"

"मेली नाही ती! आई, उचल आधी. प्रेत दिसलंय का कोणाला? तू तिला मेल्यांच्या पंगतीला बसवून मोकळी झालीस!"

आईने निमूटपणे वाटी उचलली आणि दाराकडे बघत म्हणाली, "एवढी चिडतेस, पण सवय काही सुटत नाही तुझी."

"कसली सवय?"

"स्मशानावरून आलीस ना? बघ अंगणात."

इल्माने पाहिलं. चिखलात तिच्या बुटांचे ठसे होते. फाटकातून आत येताच वळलेले, पुढचा भाग रुतलेला, टाचा पुसट, अंतर कमी. ते पाहून कोणीही सांगितलं असतं की ही बाई आत्ताच घरातून बाहेर पडून फाटकाकडे गेली.

ती कपडे न बदलताच धावत सुटली.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर तिने शिट्टी फुंकली. बोटी वळेपर्यंत ती थांबली नाही. शिपायाला आणि टाइटसला हाताला धरून शेडमध्ये नेलं.

"हे जाळं उचला."

जाळं वजनदार होतं. गार्विन बोटीतून उडी मारून गुडघाभर पाण्यातून धावत येत होता. "सार्जंट! काय चाललंय? ती जाळी राहू द्या, फाटतील!"

"काका, ओलं जाळं तुम्ही कुठे ठेवता?"

"बाहेर झाडावर वाळत घालतो. आत कोण ठेवतं? वास सुटतो, उंदीर लागतात." टाइटसच्या लक्षात आलं. त्याने जाळ्याला दोन्ही हात घातले आणि त्या म्हाताऱ्या हातांत कुठून बळ आलं कोण जाणे.

जाळ्याखाली लाकडी झाकण होतं. आमच्याकडे नदी नाही. पावसाचं पाणी साठवायला घराघरांखाली टाकी असते. या शेडखालीही जुनी, कोरडी टाकी होती. झाकण निघालं. इल्माने कंदील खाली सोडला.

खाली सिगारेटची खोकी रचलेली होती, व्हिस्कीची खोकी होती. आणि चेपलेल्या खोक्यांवर, एक पाय वाकडा पडलेली, एलिन होती.

"जिवंत आहे," शिपाई खाली उतरून ओरडला. "श्वास चाललाय!"

हान्नाला कोणी सांगितलं कोण जाणे. ती आली आणि टाकीच्या काठावर पालथी पडून हात खाली लांबवत राहिली. पोरीला वर काढून आईच्या मांडीवर ठेवलं तेव्हा हान्ना रडलीसुद्धा नाही, फक्त लेकीचे केस हुंगत राहिली.

गार्विन दारात उभा होता. मागे अख्खं गाव.

"तू म्हणालास, ती धावत पाण्याकडे गेली," इल्मा म्हणाली. "धावणारं पोर लांब ढांगा टाकतं. ही पावलं वीतवीतभर अंतरावर आहेत. जपून, चाचपडत टाकलेली."

"म्हणजे चालत गेली असेल. अंधारात मला काय दिसणार?"

"ती गेलीच नाही. ती आली. स्मशानातून पळाली ती ओल्या पट्ट्यावरून, पाण्याच्या कडेने. ती पावलं लाटांनी पुसली. अतिथिगृह अंधारात होतं. उजेड फक्त तुझ्या कंदिलाचा. ती वळली, आणि काकांनी सांगितलं होतं तशी पाठमोरी आत शिरली. पाठमोरं चालताना चवडा आधी रुततो, टाच नीट टेकत नाही. आपण सगळ्यांनी लहानपणापासून हेच केलंय, आणि सकाळपासून एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. बाहेरून आलेली पोर आपला नियम पाळेल असं आपल्याला वाटलंच नाही."

टाइटसने तोंडावर हात घेतला.

"तिच्या पाठीमागे टाकीचं झाकण उघडं होतं," इल्मा पुढे म्हणाली. "सगळं गाव स्मशानात, दिवे बंद, चोरटा माल उतरवायला याहून बरी वेळ कुठली? तू रस्त्याच्या दाराने खोकी आणायला बाहेर गेला होतास. परत आलास तेव्हा ती खाली पडलेली होती. हाक मारली असतीस तर गाव धावलं असतं. पण गावाबरोबर मीही आले असते, आणि माल दिसला असता. तू झाकण लावलंस, वर जाळं ओढलंस. सकाळी पावलं दिसली आणि तुझं काम आयतंच झालं. जी पोर तुझ्या शेडमध्ये होती, तिला शोधायला तू बोटी घेऊन गेलास!"

गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली. गार्विन भिंतीला टेकला.

"मला वाटलं ती मेली," तो पुटपुटला. "देवाशपथ, सार्जंट. हलत नव्हती. मेलेलीला वर काढून काय होणार होतं? जिवंत आहे हे कळलं असतं तर... मी काय राक्षस आहे का?"

क्षणभर इल्माला ते खरं वाटलं. भ्यालेला माणूस असं वागू शकतो. गावातल्याही काहींना ते खरं वाटलं असावं, कारण शिव्या थांबल्या.

आईच्या मांडीवर एलिनने डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे झाले होते. तिने टाइटसला शोधलं.

"आजोबा, मी विसरले नाही. पाठमोरीच शिरले."

"हो गं बाळा. शहाणी माझी ती." म्हातारा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"पण तो काका..." तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. आवाज इतका बारीक होता की सगळे पुढे झुकले. "त्याने दिवा खाली धरला. मी म्हटलं, माझा पाय दुखतोय, मला वर घे. त्याने बोट ओठांवर ठेवलं, गप्प राहा म्हणून. मला वाटलं, तो कोणाला तरी बोलवायला जातोय. म्हणून मी गप्प राहिले."

गार्विनने नजर खाली वळवली.

इल्माने त्याच्या हातांत बेड्या घातल्या. हान्नाने मुलीला उचललं आणि टाइटसने पुढे होऊन तिच्यासाठी दारातली माणसं बाजूला केली.