सीलबंद फांदी

आमच्या अंगणातलं आलुबुखाराचं झाड एकटं फळ धरत नाही. त्या जातीचा स्वभावच तसा. दुसऱ्या जातीच्या झाडाचे परागकण लागतात. ते झाड शेजारच्या मास्तरांकडे होतं. दर फुलोऱ्याला माझी बायको बाटली घेऊन त्यांच्या कुंपणाशी जायची, परागकण झटकून आणायची आणि स्टुलावर चढून रंगाच्या ब्रशने एकेक फूल शिवायची. मी खाली स्टूल धरून उभा. "धरलंय ना नीट? की लक्ष पेपरात?" हे तिचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं त्याचा वैताग यायचा. आता ते ऐकायला जीव आसुसतो.

ती गेली त्याच वर्षी मास्तरांनी झाड तोडलं. म्हटलं, चला, संपलं. पण पुढच्या वर्षी आमच्या फांद्या लगडल्या. त्याच्या पुढच्याही वर्षी.

"मधमाश्या लांबून येत असतील, बाबा," मुलगी म्हणाली. हे घर विकून मी तिच्याकडे राहायला जावं, असा तिचा धोशा होता. "एकटे किती दिवस काढणार इथे?"

"तुझी आई इथे असेल तर?"

"आणि नसेल तर?"

"तर येतो. मुकाट्याने."

वजनमापं तपासण्यात माझा जन्म गेला. भल्याभल्या व्यापाऱ्यांची लबाडी मी पकडलीय. स्वतःची पकडायला कितीसा वेळ? कळ्या मिटलेल्या असतानाच एका फांदीवर दाट विणीची मलमलची पिशवी चढवली. तोंड तारेने आवळलं, शिशाचं नंबरी सील दाबलं आणि सीलचा नंबर आणि चिमटा मुलीच्या हवाली केला. मधमाशी सोडा, मुंगी शिरायची सोय ठेवली नाही.

फुलं आली, झडली. त्या वर्षी बाकीच्या झाडावर एकही फळ धरलं नाही. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नुसती पानं. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि ही परीक्षा घेतली, असं झालं. घराची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली. पिशवीकडे मात्र मान वर करून बघितलं नाही.

मुलगी आली त्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. पानांवरून दव ठिबकत होतं. पिशवी जडावून खाली झुकली होती.

"आधी सील बघ," मी म्हणालो.

तिने नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग तार कापली.

आत पाच फळं होती. टपोरी, जांभळी.

"बाबा..."

मला हसू फुटलं. रडलोही असेन. "मी कुठेही येत नाही," म्हणालो.

तिने पिशवी उलटी केली. आणखी काहीतरी बाहेर पडलं. एक बी. गर चोखून स्वच्छ केलेली.

तिने ती उचलली आणि घाईघाईने माझ्या तळहातावर ठेवली.

ओली होती. आणि कोमट.