मामाला जागं ठेवायची पाळी

"पहिली पाळी माझी," ताई म्हणाली. "दुसरी वकिलाची, तिसरी मुंगीची. मामाचे डोळे मिटले की हलवायचं. ओरडायचं नाही."

"आणि हलवूनही नाही उठला तर?" वकिलाने विचारलं. वय अकरा, पण वाद घालायला लागला की मोठी माणसं घड्याळाकडे बघू लागायची, म्हणून हे नाव.

"तर कोडं घालायचं."

"तुझ्या कोड्यांनी तर मलाच झोप येते."

तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती. मामा वैद्यकाच्या इतिहासाच्या संग्रहालयात पहारेकरी. मामी दिवसभर कामावर, म्हणून तो पोरांना बरोबर घेऊन आला होता. पण पोरांचा बेत वेगळाच होता. काल व्यवस्थापक साहेबांनी मामाला खुर्चीत पेंगताना धरलं होतं आणि म्हणाले होते, "पुन्हा दिसलात, तर उद्यापासून येऊ नका." रात्री मामी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "या वयात दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला?" ते दाराआड तिघांनी ऐकलं होतं.

मामा पूर्वी असा नव्हता. हिवाळा आला आणि त्याला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. रात्री झोप नाही, दिवसा पापण्या दगडाच्या. कपातला चहा ओठांपर्यंत पोचेतो अर्धा बशीत. हिरड्या दुखतात म्हणून जेवणावर वासना नाही. आणि चिडका तर इतका, की काल मुंगीने त्याची हरवलेली चप्पल शोधून दिली, तर तिच्यावरच खेकसला.

दालन लांबट आणि गार. काचेच्या कपाटांत दात उपटायचे चिमटे, लाकडी पाय, औषधं कुटायचे खल. जुन्या वस्तूंवर धूळ नको म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. कोपऱ्यातल्या कपाटाला टेकून मामाची खुर्ची, पायाशी विजेची शेगडी.

ताईची पाळी संपली. ती शेजारच्या दालनात पाय मोकळे करून, भिंतीवरच्या पाट्या वाचून आली. वकिलाने मामाला लाकडी पायाबद्दल इतके प्रश्न विचारले की मामा म्हणाला, "तू जरा वेळ गप्प बस, मी जागा राहतो. देवाशपथ."

मग मुंगी आली. सहा वर्षांची, आवाज बारीक.

"जाग रे मामा, जाग रे जाग,
झोपेला म्हणावं, दाराबाहेर भाग."

मामा अर्ध्या ओठाने हसला आणि त्याचं डोकं पुन्हा कललं. मुंगीचेही पाय दुखायला लागले होते. ती सरळ लाकडी जमिनीवर गाल टेकून पडली.

"ताई," ती म्हणाली, "फटीत चांदण्या सांडल्यात."

खरंच. फळ्यांच्या फटींतून बारीक रुपेरी मणी लुकलुकत होते. मुंगीने फुंकर घातली तसे दोन मणी घरंगळले, एकमेकांना भेटले आणि एक झाले. तिने बोट पुढे केलं. ताईने मनगटच धरलं.

"हात लावू नको. पारा आहे तो."

वकिलाने मान वर करून मामाच्या खुर्चीमागच्या कपाटात पाहिलं. रक्तदाब मोजायची तीन जुनी यंत्रं. दोन उभी होती, त्यांच्या काचेच्या नळीच्या बुडाशी पारा चमकत होता. तिसरं आडवं पडलेलं, त्याची नळी रिकामी, आणि कपाटाच्या तळाच्या फटीत एक मणी अडकलेला. त्या दोन्हींच्या तोट्या बंद, याची उघडी.

"मामा, हे आडवं कुणी ठेवलं?"

"साहेबांनी. हिवाळा लागला तेव्हा नवं कपाट आलं, त्यात हे उंच यंत्र उभं मावेना." मामाने डोळे चोळले. "का रे?"

ताईचा चेहरा उतरला. ती शेगडीकडे पाहत राहिली, मग मामाच्या हातांकडे.

तेवढ्यात साहेब आत आले. "काय सांडलंत?" ते वाकले, आणि पुटपुटले, "अरे देवा. डॉक्टरबाई यायच्यात आत्ता. अहो, झाडू आणा, लोटून टाका फटीत. वर ही सतरंजी ओढा."

मामा सवयीने उठला. ताईने वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती बाहेर पळाली. वकील दारात आडवा उभा राहिला.

"साहेब, एक शंका. मामा पहारेकरी आहे ना? मग झाडणं त्याचं काम कसं?"

"बाजूला हो."

"होतो. पण झाडल्यावर पारा आणखी बारीक होऊन पसरला, तर जबाबदार कोण? झाडणारा, की झाडायला सांगणारा?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

तिकडे ताईने संग्रहालयाच्या प्रमुख डॉक्टरबाईंना पायऱ्यांवरच गाठलं होतं. पिकले केस, हातात जड पिशवी, चालून दमलेल्या.

"आजी, एवढी एक पाटी समजावून सांगता?"

ताईने त्यांना शेजारच्या दालनातल्या भिंतीपाशी नेलं. पाटीवर आरसे करणाऱ्या कारागिरांचं जुनं चित्र होतं. "हे काचेला पारा लावायचे, बाळ. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही. श्वासातून आत गेली की हात कापायचे यांचे."

"चहा सांडेल इतके?"

"हो. हिरड्या सुजायच्या."

"कडक काही चावायचं नाही?"

"नाही. झोप उडायची, माणूस उगाच चिडायचा. लोक म्हणायचे, आळशी झाला, बिघडला."

"आणि बंद खोलीत, उबेला बसलं तर?"

"तर वाफ जास्तच. पण तू हे..."

"आमचा मामा बसतो," ताई म्हणाली.

बाई मामाच्या दालनात आल्या. खाली फटीत पाहिलं, वर कपाटात पाहिलं. मामाला हात पुढे करायला सांगितले. ताटातलं पाणी हलावं तसे ते हलत होते.

"शेगडी बंद. सगळे बाहेर. पारा उचलणारी माणसं येईतो इथे कुणी पाऊल टाकायचं नाही." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "तोटी उघडी ठेवून यंत्र आडवं केलंत?"

साहेब दाराकडे सरकले.

"आणि नोकरी?" वकिलाने विचारलं. "मामाची?"

"ती कुठे जात नाही. आधी तपासण्या, मग भरपगारी रजा. बरे होतील ते." बाहेर येऊन बाई पायरीवर टेकल्या. "ती आरशांची पाटी मीच लिहिली रे. रोज तिच्यापुढून जाते आणि रोज तुमच्या मामांचा नमस्कार घेते. दोन्ही शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. शाबास म्हणायलाही मला संकोच वाटतोय, पण शाबास."

मामा बाहेरच्या वाऱ्यात बसला होता. मोटार यायची होती दवाखान्यात न्यायला. त्याने मुंगीला जवळ ओढलं.

"मला वाटत होतं," तो म्हणाला, "मीच खराब झालोय आतून."

मुंगीने त्याच्या गालावरून हात फिरवला. "रडतोयस?"

"नाही गं. दमलोय."

"मग दम," मुंगी म्हणाली. "आता कोणी नाही रागवणार."