नीलिमाचा वेग

संध्याकाळी गोदावरीच्या काठच्या त्या उंच इमारतीकडे खालून पाहिलं, तर जवळजवळ प्रत्येक गॅलरीत एक म्हातारं माणूस बसलेलं दिसे. कुणाचा हात चष्म्याकडे निघालेला, कुणाची मान रस्त्याकडे वळत असलेली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर हात चष्म्याच्या जरा जवळ आलेला असे, एवढंच. ही माणसं आजारी नव्हती. ती संथी घेत होती.

संथी म्हणजे काय, हे समजायला माशी आठवावी. आपण कितीही चपळाईने हात उगारला तरी ती निसटते, कारण तिच्या डोळ्यांना तो हात सावकाश येताना दिसतो. आपल्या एका क्षणात माशीचे चार क्षण मावतात. म्हणजे काळ सगळ्यांना सारखा भासत नाही. मेंदू एका सेकंदात जगाची किती चित्रं टिपतो, यावर ते अवलंबून असतं. संथी हे एक औषध. ते टिपण्याचा हा वेगच उतरवतं, त्याबरोबर हालचालीही मंदावतात, मग महिना एका संध्याकाळएवढा वाटू लागतो. दंडाच्या कातडीखाली बसवलेली चकती हे औषध रक्तात सोडत राहते आणि पोट नळीवाटे भरलं जातं. दूरदेशीच्या मुलाच्या फोनची ठरलेली वेळ जवळ आली, की तीच चकती उतारा देते. माणूस अर्धा तास आपल्या मूळ वेगाला येतं, बोलतं आणि पुन्हा संथ होतं. मधली वाट पाहणं उरतच नाही. मुलंही खूश, कारण आईवडील आता ‘किती दिवसांनी फोन केलास’ असं कधीच म्हणत नाहीत.

सातव्या मजल्यावर वाट पाहणारं आता एकच माणूस उरलं होतं. अश्विनी गायधनी. शहात्तरीची, नवरा केव्हाच गेलेला, मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला. शेजारच्या नीलिमा ढिकलेशी तिचं तीस वर्षांचं येणं-जाणं. दुसरीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोघींचा नेम. त्यामुळे वाटीच्या फेऱ्या कधी थांबल्याच नाहीत. मग उन्हाळ्यात नीलिमाने चकती बसवून घेतली, आणि अश्विनीने दिलेली मेथांब्याची वाटी तिच्या ओट्यावरच राहिली.

त्यानंतर अश्विनी घरात मोठ्याने बोलायला लागली. एकदा तर तिने बाहेर जाऊन आपल्याच दाराची बेल वाजवली, नुसती ऐकावी म्हणून. बेल वाजली. आतून कुणी आलं नाही. ती जिन्यात बसून हुंदके देत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. अथर्व कुलथे यांच्याकडे गेली. संथीचा शोध त्यांचाच.

“नीलिमाला महिन्यातून एकदा माझ्यासाठी जागं करा हो. चहापुरतं.”

“आजी, उताऱ्याने हृदयावर फार ताण येतो. वर्षातून तीन-चारदाच देता येतो. ते सगळे त्यांनी मुलाच्या फोनसाठी ठेवलेत.”

“माझं नाव नाही दिलं तिने?”

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

“मग मलाच तिच्याइतकी संथ करा. दोघी एका वेगाच्या झालो, की बोलता येईल ना?”

डॉक्टर चमकले. “येईल. शेजारी शेजारी एकाच वेगाने धावणाऱ्या दोन गाड्यांमधल्या माणसांना एकमेकांचे चेहरे नीट दिसतात, तसंच. पण वेग मुलाच्या फोनवर ठरतो. पुढचा फोन जितका लांब, तितकी चकती माणसाला जास्त संथ करते. शिवाय शरीर थांबत नाही. ते म्हातारं होतच राहतं. तुमची उरलेली वर्षं दिवसांसारखी निघून जातील.”

“ती ठेवून मी काय करू? तुम्हीच सांगा.”

डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. “नाव घातलेल्या माणसाची हाक ऐकूनही चकती उतारा देते. कुणाच्या हाकेने तुम्हाला द्यायचा? मुलीचं नाव घालू?”

“नको. तिला कशाला त्रास! नीलिमाचं घाला.”

“त्या जाग्या असताना हाक मारतील तरच चालेल. आणि न ठरवता दिलेला उतारा चढायला पुरता अर्धा तास लागतो.”

“लागू दे.”

नीलिमाच्या फोनच्या दिवशी अश्विनी तिच्या घरी जाऊन बसली. मुलगा सौरभ याचा फोन वीस मिनिटं उशिरा आला. तो पाच-सात मिनिटं बोलला आणि त्याला दुसरा फोन आला. नीलिमाने वळून पाहिलं.

“अगं, तू होय! आत्ताच तर गेलीस. थांब, तुझी वाटी घासायचीच राहिली बघ.”

वाटीत काळी बुरशी वाळून बसली होती.

“नीलू, चार महिने झाले.”

“चल, काहीतरीच!”

“माझं नाव का नाही दिलंस?”

“तुझं कशाला द्यायचं? तू तर शेजारीच असतेस की.”

नीलिमाची बोटं जड होऊ लागली होती. “मी तुझ्या वेगाला येते,” अश्विनी घाईघाईने म्हणाली.

“ये की. नाहीतर सुनेची निंदा मी कुणापाशी करू?”

त्या रविवारी अश्विनीने मुलीला सांगितलं, “केतकी, आता दर आठवड्याला फोन नको करूस.”

“नक्की ना, आई? तुला बरं वाटणार असेल तर...” केतकीच्या आवाजातली सुटका लपली नाही. मग अश्विनीनेच तिची समजूत घातली.

चकती बसली. नीलिमाच्या गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या गेल्या. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरसर धावू लागला. कामाची बाई वाऱ्याच्या झुळकेसारखी येऊन जाई. आणि त्या धावत्या जगात नीलिमाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या हलल्या.

“आलीस एकदाची! किती नटतेस गं!”

अश्विनी हसली आणि हसता हसता रडली. मग दोघी बोलत सुटल्या. सून झाली, गुडघे झाले, जुना लिफ्टवाला झाला. खाली नदीचा पूर आला आणि ओसरला, तोवर लिफ्टवाल्याची गोष्ट संपलीही नव्हती.

बोलता बोलता नीलिमा दिसेनाशी झाली. समोर नुसती थरथरती सावली उरली. सौरभच्या फोनची वेळ झाली होती आणि नीलिमा मूळ वेगाला निघून गेली होती.

काही क्षणांत अश्विनीचं काळीज धडधडू लागलं. कुणीतरी तिला हाक मारली होती. उतारा चढत होता. ऊन धावायचं थांबलं. सावलीला हात फुटले, मग चेहरा आला. नीलिमा तिला दोन्ही खांद्यांना धरून गदगदा हलवत होती. तिच्या स्वतःच्या दंडावर, चकतीच्या जागी, नखांचे ओरखडे होते आणि गाल ओले होते. एकीचा वेग चढत होता आणि दुसरीचा उतरत होता. मध्ये कुठेतरी दोन्ही वेग एक झाले.

“अशू, तो म्हणतोय, आता फोन पुढच्या दिवाळीलाच! मला तिकडे नाही गं जायचं, इतकं लांब, मला धर...”

अश्विनीने तिला घट्ट मिठी मारली. पण नीलिमाचा आवाज जड झाला, ताणला गेला आणि ऐकू येईनासा झाला. मिठीतली पाठ हळूहळू स्थिर झाली.

अर्ध्या तासाने चकती अश्विनीला पुन्हा तिच्या ठरलेल्या, म्हणजे नीलिमाच्या जुन्या वेगाला नेणार होती. त्या वेगाला आता दुसरं कुणीच नव्हतं.