एकशे सतरा नंबरची बाई

लाइट गेली म्हणून उठू नका. तुमचे प्रश्नसंच झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेत, ते सोडून जाणार कुठे? तू त्या स्टुलावर बस, तू खोक्यावर टेक. आणि तो मोबाइलचा दिवा बंद कर रे, डोळ्यांवर येतो. दहा वाजून दहा मिनिटं झालीत. लाइट येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही हं. जिच्या बाबतीत घडलं ती मुलगी या काउंटरला टेकून मला सगळं सांगून गेली.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. अकरा तारीख, बुधवार. रात्री पावणेनऊला ती तुमच्यासारखाच प्रश्नसंच बांधून न्यायला आली. डॉक्टर होती. म्हणजे होती आणि नव्हतीही. सहा वर्षं परदेशात राहून डिग्री आणली, पण इथली परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय औषधाच्या चिठ्ठीवर सही करता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! दोनदा बसली. पहिल्यांदा अकरा गुणांनी गेली, दुसऱ्यांदा एका गुणानं. तिसरी संधी शेवटची. परीक्षा अकरा दिवसांवर. ही गेली की डिग्री भिंतीला लावायची आणि बघत बसायचं.

लवंगी म्हणायचे तिला सगळे. अंगानं एवढीशी, पण पेटली की समोरच्याच्या कानठळ्या बसायच्या. दिवसा एका खाजगी दवाखान्यात ईसीजीच्या पट्ट्या काढायची. रोज तीस-चाळीस पेशंट. पट्टी बघून दुखणं काय ते तिला आधी कळायचं, मोठ्या डॉक्टरांना नंतर, पण सही त्यांची. ते तिला नावानं हाक मारत नसत. "ए पट्टी, इकडे ये," म्हणायचे. हे रोज ऐकून घ्यायचं, संध्याकाळी वडिलांच्या फोनला "होईल हो बाबा या वेळी" म्हणायचं, आणि रात्री अभ्यास. चिडणार नाही तर काय करणार पोरगी?

तर प्रश्नसंच. तुमच्या क्लासच्या सरांचाच, तीनशे प्रश्नांचा. वीस वर्षांहून जास्त तो याच दुकानात निघतोय. शेवटून दुसरं पान, एकेचाळीस नंबरचं, उत्तरांचं. आणि तो पाठ करायची तुमची ती पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न वाचायचाच नाही. नंबर आणि अक्षर. एकशे पंधरा ड, एकशे सोळा ब, एकशे सतरा क. पाढे म्हणावेत तसं. माझं दुकान क्लासच्या खाली, त्यामुळे तुमचे पाढे मलाही पाठ झालेत.

लवंगीनं मात्र पहिल्या वेळी प्रश्न वाचला होता. एकशे सतरा. बावन्न वर्षांची स्त्री. पोटाच्या वरच्या भागात तासभर दुखतंय. घाम येतोय. मळमळतंय. रात्रीचं जेवण जास्त झालंय. पहिलं काय कराल? तिनं डोळे मिटून अ लिहिलं, ईसीजी काढू. मागे बघते तर उत्तर क. आम्लपित्ताचं औषध देऊन घरी पाठवा.

ती उसळली. सरांना मेसेज केला, "सर, हे चूक आहे. हृदयाचा झटका असाही येतो, पोटात दुखून. बायकांमध्ये तर हमखास फसगत होते." सरांचं उत्तर आलं, "तुला पास व्हायचंय की वाद घालायचाय?"

दोनदा नापास झालेल्या माणसाला हे विचारलं की तो काय बोलणार? गप्प बसली. पाढ्यात क म्हणायला लागली. ते गप्प बसणं तिला आजही सलतं.

बरं. त्या बुधवारी संच घेऊन ती खोलीवर गेली. दुसऱ्या मजल्यावरची एकटी खोली, बाहेरून लोखंडी जिना. बावीस पायऱ्या. कुणी चढलं की सगळा जिना वाजायचा. आजूबाजूचे लोक अडीनडीला यायचे, "डॉक्टर, जरा बघता का" म्हणत, आणि ती त्यांना फाडून खायची, "मला सही करता येत नाही, दवाखान्यात जा!" आणि मग बघायचीच.

दोन वाजेपर्यंत पाढे झाले. अडीचला डोळे मिटायला लागले. तोंड मात्र चालू. एकशे चौदा अ... एकशे पंधरा ड...

जिना वाजला.

एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. धाप लागलेलं माणूस चढतं तसं. तिनं घड्याळ पाहिलं, दोन पस्तीस. चडफडत उठली. दार उघडलं.

बाहेर एक बाई. करडी शाल, कपाळावर घामाचे थेंब. जानेवारीच्या थंडीत घाम. एक हात पोटावर, छातीच्या जरा खाली. आणि पायात एकच चप्पल.

"डॉक्टरबाई, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय. तासभर झाला. घाम येतोय. मळमळतंय. रात्रीचं जेवण जरा जास्त झालं."

"वय?"

"बावन्न."

आणि लवंगीच्या तोंडून, अर्धवट झोपेत, तिला कळायच्या आत निघालं...

"क."

बाई हलली नाही.

"तेव्हाही हेच म्हणाले होते," ती म्हणाली.

"कधी? कोण?"

"फाटकापर्यंतच पोचले मी."

लवंगीची झोप उडाली. तिनं दिव्याचं बटण दाबायला हात मागे नेला. दिवा लागला. दारात कुणी नव्हतं. आणि जिना... जिना वाजलाच नाही. बावीस पायऱ्या उतरायच्या होत्या, पोरांनो. एकही वाजली नाही.

कुणी दुसरं असतं तर बोचकं बांधून वडिलांकडे पळालं असतं. ही सकाळपर्यंत खाटेवर बसून राहिली. घाबरली होती, ती नाही म्हणत नाही. पण भीतीच्या वर राग होता, आणि तो स्वतःवर. पेशंट समोर उभा, घामानं भिजलेला, आणि आपण काय केलं? अक्षर म्हटलं! नाडीला हात लावला नाही, बस म्हटलं नाही. आठ वर्षं शिकून अक्षर म्हटलं!

गुरुवारी तिनं दवाखान्यातलं पट्टी काढायचं लहान मशीन पिशवीत घातलं. कुणाला न विचारता. मला म्हणाली, "काका, मी ठरवलं होतं. माणूस असो नाहीतर भूत. पट्टी काढल्याशिवाय जाऊ देणार नव्हते."

त्या रात्री तिनं पुस्तक उघडलं नाही. खाटेवर स्वच्छ चादर घातली. दिवा चालू ठेवला. बसून राहिली.

दोन पस्तीस.

एक पायरी.

दुसरी.

तिनं मोजल्या. बावीस.

दार वाजायच्या आत उघडलं. "या काकू. आडव्या व्हा. बोलू नका."

बाई आली, आडवी झाली. खाट करकरली नाही. लवंगीनं मनगट धरलं... गार. हिवाळ्यात जिन्याचा लोखंडी कठडा लागतो तितकं गार. तिनं हात सोडला नाही. तारा लावल्या. एकेक करून, सगळ्या. मशीन सुरू केलं.

कागद सरकायला लागला.

आणि रेषा उमटली.

लवंगी खाली वाकली. तिनं हजारो पट्ट्या पाहिल्या होत्या. ही बघायला तिला दोन क्षण लागले नाहीत.

"काकू, हा पोटाचा आजार नाही. हा हृदयाचा झटका आहे. मोठा आहे. तुम्हाला घरी पाठवायलाच नको होतं. ज्यानं पाठवलं त्यानं चूक केली."

खोलीत फक्त मशीनचा आवाज.

मग बाई बोलली. हळू. पण आवाजात इतका राग होता की टेबलावरचा ग्लास वाजतोय असं लवंगीला वाटलं.

"रोज रात्री कुणीतरी म्हणतं... क. आणि मला परत उठावं लागतं. परत चालावं लागतं. फाटकापर्यंत. रोज. वीस वर्षं... तुम्ही पोरं मला घरी पाठवताय."

लवंगीनं पुन्हा तिचं मनगट धरलं.

"त्यांना सांगा."

"कुणाला?"

बाईनं मान वळवली. टेबलाकडे. तिथं प्रश्नसंच होता. वरच्या पानावर सरांचा फोटो.

रेषा सरळ झाली. एकदम. कागद सरकत राहिला, रेषा सरळच. लवंगीनं वळून पाहिलं. चादरीवर तारा पडल्या होत्या. नुसत्या तारा.

शुक्रवारी सकाळी सातला ती क्लासच्या जिन्याखाली उभी होती. मी शटर उघडत होतो. मला म्हणाली, "काका, वर चला. साक्षीला माणूस पाहिजे." गेलो. माझ्या डोळ्यांसमोर झालं ते सांगतो.

सर चहा पीत होते. तिनं पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. "सर, हे काय आहे?"

सरांनी चष्मा वर केला. "अगं, हे काय विचारणं झालं? हृदयाचा झटका. चांगलाच मोठा. कुणाचा आहे? दाखल केलंत ना?"

बघा, दोन सेकंदांत! माणूस अडाणी नव्हता. हुशार होता. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

"तुमच्या एकशे सतरा नंबरच्या पेशंटचा," ती म्हणाली.

सर हसले. "तो प्रश्न माझ्या अनुभवातला आहे. मी स्वतः ड्युटीवर होतो. अ‍ॅसिडिटीच होती तिला. औषध दिलं, घरी गेली."

"घरी गेली? की इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली?"

कप बशीवर टेकला, तो नीट टेकलाच नाही. चहा सांडला.

"करडी शाल," लवंगी म्हणाली. "एका पायात चप्पल. दुसरी कुठे पडली सर? फाटकात?"

सर एकदम ओरडले, "तुला कुणी सांगितलं? त्या वेळच्या वॉर्डबॉयनं? कागदोपत्री काही नाहीये! काहीही नाहीये!"

तेव्हा मला कळलं. या माणसाच्या हातून एक बाई गेली. चूक झाली, होते चूक, तरुण होता. पण यानं काय केलं? तिचा प्रश्न बनवला. आपली चूक बरोबर उत्तर म्हणून छापली. आणि दर वर्षी तीनशे पोरांकडून म्हणवून घेतली, म्हणजे रात्री झोप यावी. आणि छापून कोण देत होतं? मी! बाइंडिंग करून, पाठीला निळी पट्टी लावून!

लवंगी टेबलावर हात आपटून म्हणाली, "उत्तर बदला. आज. आत्ता."

सरांनी पट्टी उचलली, फाडली, आणि तुकडे खिशात घातले. टोपलीत नाही, खिशात. "परीक्षा जवळ आली की डोक्यावर परिणाम होतो पोरींच्या," असं मला म्हणाले. "पुढच्या बॅचचे संच काढा. बदल नाही."

लवंगी खाली आली ती माझ्या काउंटरला टेकून उभी राहिली, आणि सगळं सांगितलं. रडली नाही. त्या दिवसापासून तिनं पाढे बंद केले. प्रत्येक प्रश्नातलं माणूस खाटेवर झोपवून बघायची. राहिलेल्या नऊ दिवसांत निम्मासुद्धा अभ्यास झाला नाही म्हणे, आणि पास झाली. आता मोठ्या इस्पितळात अपघात विभागात रात्रपाळी करते. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या कुठल्याही बाईला तिथं पट्टी काढल्याशिवाय कुणी घरी पाठवत नाही. वरिष्ठ वैतागतात. वैतागू देत.

आणि सर? चालू आहे की त्यांचं. तुम्हीच जाता ना क्लासला?

फक्त त्या शुक्रवारी मी नव्या बॅचचे संच काढायला घेतले. बदल नव्हताच. मूळ कागद तोच... थांबा. मशीन गुरगुरलं का? आली, लाइट आली. आता निघतील तुमची पानं. घे, हे बघ, पहिलंच निघालं. एकेचाळीस. गरम आहे, सांभाळून धर. वाच मोठ्यानं, एकशे सोळापासून.

"एकशे सोळा, ब. एकशे सतरा..."

वाच की.

"काका, इथं काहीच नाही. एकशे अठरा अ आहे. मधे कोरं आहे."

हा मूळ कागद घे. सरांचा. यावर बघ.

"यावर क आहे. स्पष्ट आहे. टोनर संपला असेल काका."

तीन मशीनं बदलली मी. सरांनी दुसऱ्या दुकानात नेलं, नव्यानं टाइप करून आणलं. बाकी सगळं येतं. ते एक अक्षर येत नाही. तिथं तुमचं तुम्ही लिहायचं... काय रे? हात का काढलास?

"काका... सगळं पान गरम आहे. फक्त तिथं... गार लागतंय."